चांगली वस्ती कोणाची? : मुंबईतील भाड्याच्या खोलीचा इतिहास

नोकरीत स्थिरावलेला आपला माणूस अलीकडे शहरात दुसरी जागा घेण्याचा विचार करू लागला आहे. राहण्यासाठी एक आहेच. दुसरी घ्यावी, भाड्याने द्यावी, निवृत्तीनंतर चार पैसे येत राहतील, असा त्याचा साधा हिशेब असतो. बँक कर्ज देते, दलाल जागा दाखवतो, आणि दोघेही एकच सल्ला देतात : वस्ती चांगली पाहून घ्या. हा सल्ला ऐकून आपण सहसा मान हलवतो. परंतु ‘चांगली वस्ती’ म्हणजे काय, ती कोणी ठरवली, कोणत्या हिशेबाने ठरवली आणि त्या हिशेबात आपण नेमके कोठे होतो, असे विचारणारे फार थोडे. मुंबई शहरापुरते तरी या प्रश्नाचे उत्तर इतिहासात सापडते, आणि ते गिरणीच्या भोंग्यापासून सुरू होते.

मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची स्थापना कावसजी दावर यांनी १८५४ साली केली. पुढच्या चार-पाच दशकांत ताडदेव, भायखळा, लालबाग, परळ या भागांत धुराड्यांची रांग उभी राहिली. गिरणीमालकांनी यंत्रे आणली, कापूस आणला. माणसे कोकणातून आणि घाटावरून दुष्काळाने व कर्जाने हाकलली गेली ती आपसूक आली. ती रात्री कोठे झोपतील याची काळजी बहुतेक मालकांनी वाहिली नाही. थोड्या गिरण्यांनी चाळी बांधल्या, बाकीचे काम खाजगी घरमालकावर सोडून दिले. हा घरमालक म्हणजे कधी बेटावरच्या जुन्या वाडीचा मालक, कधी धान्याचा व्यापारी, कधी कंत्राटदार, कधी व्याजबट्ट्यावर पैसा साठवलेला सावकार. त्याला समाजसेवा करायची नव्हती. हाताशी असलेला पैसा कोठे घातला असता महिन्याच्या महिन्याला परत येईल, एवढाच त्याचा प्रश्न होता.

त्याने वस्ती कशी निवडली हे पाहण्यासारखे आहे, कारण आजचा दलाल जे सांगतो त्याची पहिली आवृत्ती येथे तयार झाली. कामगाराला पहाटे गिरणीच्या फाटकावर हजर राहावे लागे आणि ट्रामचे भाडे त्याला परवडत नसे. म्हणून पायी चालत जाता येईल एवढ्याच अंतरावरची जमीन उपयोगाची. ती दलदलीची असो, गटाराच्या काठची असो, भोंगा ऐकू आला म्हणजे झाले. अशा जमिनीवर मोठी बिऱ्हाडे बांधण्यापेक्षा दहा बाय दहाच्या खोल्यांची माळ बांधली तर तेवढ्याच जागेत कितीतरी अधिक भाडे निघते. सोयींवरचा खर्च म्हणजे भाड्यातून वजा होणारी रक्कम. तेव्हा मजल्याला एक नळ आणि चाळीच्या टोकाला चार-दोन शौचकूप पुरेत. वसुलीसाठी मेहता ठेवावा, किंवा सगळी चाळ एखाद्याला मक्त्याने देऊन टाकावी आणि मक्तेदाराने भाडेकरूंकडून काय उकळायचे ते उकळावे. खोलीत माणसे जास्त झाली तर तक्रार करण्याचे कारण नाही. उलट पोटभाडेकरू ठेवल्याखेरीज भाडेकरूला भाडे भरता येत नाही हे घरमालकाला पक्के ठाऊक होते. बर्नेट-हर्स्ट या अभ्यासकाने मुंबईच्या कामगारांची पाहणी करून १९२५ साली आपले पुस्तक प्रसिद्ध केले. शंभरातली सत्त्याण्णव कामगार कुटुंबे एकाच खोलीत राहतात असे त्याला आढळले. म्हणजे गुंतवणूक म्हणून चाळ हा सोन्याचा धंदा होता, आणि त्या धंद्याचे सोने एका खोलीत किती माणसे कोंबता येतात यावर अवलंबून होते.

येथपर्यंतची कथा वर्गाची आहे आणि ती आपल्या मार्क्सवादी मित्रांनी अनेकदा सांगितली आहे. त्यांच्या सांगण्यात एक गोष्ट मात्र बहुतेक वेळा निसटते. चाळीत नळ सामायिक होता. वीस बिऱ्हाडांच्या मजल्यावर एका खोलीत महाराचे किंवा चांभाराचे बिऱ्हाड आले, की त्या नळावर कोणी आधी हंडा लावायचा, कोणाच्या हंड्याला कोणाची सावली लागली, हा तंटा त्याच दिवशी उभा राहायचा. एकोणीस भाडेकरू खोल्या सोडून जातील ही भीती घरमालकाला वाटे. यात त्याचा व्यक्तिगत दुष्टपणा शोधत बसण्याचे कारण नाही. तो असला किंवा नसला तरी हिशेब तोच येतो. भाडेकरूंचा विटाळ घरमालकाच्या वहीत रिकाम्या खोलीचा तोटा म्हणून उतरतो. हा तोटा टाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे अस्पृश्याला खोलीच न देणे. अशा रीतीने गावकुसाबाहेरचा महारवाडा शहरात आला तो कोणा भटजीच्या आज्ञेने आला नाही, तो भाड्याच्या हिशेबाने आला. मला हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण जात पाळण्यासाठी जातीवर श्रद्धा असण्याचीही गरज नाही, नफ्याची काळजी पुरेशी आहे, हे त्यातून दिसते.

दुसरी बाजू मजुरीची. गिरणीत साचेखात्याची मजुरी रिंगखात्यापेक्षा बरी होती. परंतु धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडचा धोटा इतर विणकर हाती घेणार नाहीत, म्हणून साचेखात्याची दारे आपल्या लोकांना बंद होती. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला तेव्हा त्यांना तो ‘संपाबाहेरचा’ वाटला होता. पण त्याचा संबंध थेट खोलीशी आहे. ज्याला कमी पगाराच्या खात्यातच काम मिळते त्याला कमी भाड्याचीच खोली शोधावी लागते, आणि ज्याला कमी भाड्याची खोलीही जातीमुळे मिळत नाही त्याने जायचे कोठे?

तो झावळ्यांच्या शेडमध्ये गेला. कामाठीपुरा, नागपाडा, मदनपुरा अशा ठिकाणी गेला, जेथे सवर्ण भाडेकरू यायला तयार नव्हता आणि म्हणून घरमालकाला सोवळे पाळणे परवडत नव्हते. दया पवारांच्या ‘बलुतं’मधला नागपाड्याजवळचा कावाखाना आठवावा. पडदे आणि पेट्या लावून एका खोलीची तीन-तीन बिऱ्हाडे कशी होत, हे आपल्या अनेक वाचकांना पुस्तकावाचून ठाऊक आहे. ‘वाईट वस्ती’ म्हणून जिचे नाव झाले तिचा वाईटपणा असा बाहेरून तयार करून तिच्या माथी मारलेला आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगचा पहिला रुग्ण डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखला आणि गोऱ्या सरकारला प्रथमच चाळींची आठवण झाली. १८९८ साली कायदा होऊन इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने दाट वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड ही त्याची कामगिरी. परंतु पहिल्या काळात ट्रस्टने जेवढ्या खोल्या पाडल्या तेवढ्या बांधल्या नाहीत. पाडलेल्या घरातील माणूस शेजारच्या चाळीत शिरला, आणि जी चाळ आधीच भरलेली होती ती अधिक भरली. शेजारच्या घरमालकाचे भाडे त्यामुळे वाढले हे सांगायला नको.

ट्रस्टचे दुसरे काम अधिक टिकाऊ ठरले. दादर, माटुंगा, शीव या भागांत त्याने नवी उपनगरे आखली आणि भूखंड दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिले. ही मुंबईतील पहिली ठरवून केलेली ‘चांगली वस्ती’. तिची नावेच पाहा : हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी. गावदेवीला सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ मध्ये निघाली होती. ती या देशातील पहिल्या गृहनिर्माण संस्थांपैकी एक. सहकाराचे तत्त्व चांगलेच आहे. पण एका जातीने एकत्र येऊन जमीन घेतली, मग कोणी सभासद व्हावे हेही तीच ठरवणार, ही प्रथा त्याच पायावर उभी राहिली. पुढे नव्वद वर्षांनी, २००५ साली, अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पारशांपुरते सभासदत्व राखणारा पोटनियम वैध ठरवला. खटला पारशांचा होता. त्याचा आधार मात्र कोणतीही जात घेऊ शकते.

त्याच ट्रस्टने गरिबांसाठी चाळीही बांधल्या. परळच्या अशाच एका चाळीत, क्रमांक ५० व ५१ च्या खोल्यांत, बाबासाहेबांचे कुटुंब सुमारे दोन दशके राहिले. बोटीने अमेरिकेला गेलेला आणि तेथून परतलेला विद्यार्थी या खोल्यांतला होता. बॅरिस्टर झाल्यावरही पत्ता तोच राहिला. ट्रस्टच्या चाळी, नगरपालिकेच्या चाळी आणि नंतर सरकारच्या चाळी, म्हणजे ज्या घरांतून पुरेसा नफा निघत नाही म्हणून खाजगी भांडवल तिकडे फिरकले नाही, त्यांत आपला समाज मोठ्या प्रमाणात आढळतो तो यामुळेच. जी. आर. प्रधान यांनी १९३८ साली मुंबईतील अस्पृश्य कामगारांवर पुस्तक लिहिले. अभ्यासकांनी ते अवश्य वाचावे.

नगरपालिकेच्या सफाई कामगारांच्या वसाहतींचा प्रकार तर वेगळाच. तेथे भाडे नाममात्र, पण खोली नोकरीला बांधलेली. बाप निवृत्त झाला की खोली जाणार. खोली टिकवायची तर मुलाने झाडू हाती घ्यायचा. शिकलेल्या कितीतरी पोरांच्या हातात शहराने झाडू दिला तो जातीच्या जोराने जेवढा, तेवढाच दहा बाय बाराच्या खोलीच्या जोराने. घरमालकीचा असा वापर कोणा खाजगी शेठजीला सुचला नसता.

आता बीडीडी चाळी. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत खोल्यांची टंचाई भयंकर झाली. १९१८ सालीच भाड्यावर निर्बंध घालणारा पहिला कायदा करावा लागला होता. गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांनी १९२० मध्ये विकास खाते काढले आणि कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधण्याची घोषणा केली. शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया जकात बसवून पैसा उभारायचे ठरले. प्रत्यक्षात २०७ चाळी झाल्या : वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला १२. बहुतेक चाळींत तळमजला धरून चार मजले, ऐंशी खोल्या, प्रत्येक खोली साधारण एकशे साठ चौरस फुटांची.

सरकार हा मोठा घरमालक, पण वस्ती निवडण्यात तो चाळवाल्या शेठजीपेक्षा कच्चा निघाला. वरळी त्या काळी गिरण्यांपासून दूर. बाजार नाही, वाण्याचे उधारखाते नाही, गाववाल्यांची खानावळ नाही. सिमेंटच्या भिंती उन्हाळ्यात तापत आणि खोलीत उजेड पुरेसा येत नसे. सरकारी हिशेबाने निघणारे भाडे कामगाराला झेपणारे नव्हते. ते उतरवले तरी खोल्या भरेनात. ज्या शहरात माणसे जिन्याखाली झोपत होती त्याच शहरात वरळीच्या चाळी वर्षानुवर्षे ओस पडल्या. १९३० च्या कायदेभंगाच्या चळवळीत त्यांतल्या काहींचा तुरुंग म्हणून उपयोग करण्यात आला, म्हणजे त्यांना पहिले ‘भाडेकरू’ मिळाले ते सत्याग्रही कैदी! अर्थशास्त्राचे प्राध्यापक याला चुकीच्या जागी केलेली गुंतवणूक म्हणतील. त्यांचे म्हणणे बरोबर आहे. पण इतरांनी नाकारल्या म्हणूनच या खोल्या पुढे आपल्यापर्यंत पोहोचल्या, हेही तितकेच खरे. भाड्याची पावती सरकारी असल्याने कोणी शेठजी सकाळी उठून ‘खोली खाली करा’ म्हणू शकत नव्हता. अर्थात चाळी मिळाल्या तरी जात सुटली नाही. अमुक चाळी बौद्धांच्या, तमुक मराठ्यांच्या, असे ओळखले जाऊ लागले. १९७४ च्या जानेवारीत वरळीत दंगल पेटली तेव्हा दगड आणि पेटते बोळे एका चाळीच्या गच्चीवरून दुसरीवर आले, आणि १० जानेवारीला परळच्या मोर्चात भागवत जाधव यांच्यावर वरून दगड टाकून त्यांचा बळी घेतला गेला.

खोली शोधणाऱ्या दलिताची मनःस्थिती इतिहासाच्या कागदांतून कळत नाही. ती साहित्यातून कळते. बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ मध्ये आला. त्याच्या शीर्षककथेतला नायक रेल्वेतला कामगार आहे, शिकलेला आहे, कमावता आहे. परक्या गावी नोकरीवर रुजू होताच खोलीचा प्रश्न उभा राहतो आणि जात सांगायची की चोरायची, हा प्रश्न त्याच्याबरोबरच येतो. समीक्षकांनी या कथेतील विद्रोहाबद्दल पुष्कळ लिहिले. तिच्यातील खोलीबद्दल फारसे कोणी लिहिले नाही.

ही कथा लिहिली जाण्याच्या जवळजवळ अर्धशतक आधी ती प्रत्यक्ष घडून गेली होती. १९१७ साली बाबासाहेब बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा तरुण. त्याला संपूर्ण शहरात राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव लावून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला. जागा सोडावी लागली, हिंदू मित्राने आणि ख्रिस्ती मित्रानेही घरात घेण्यास असमर्थता दाखवली, आणि एका झाडाखाली बसून अश्रू ढाळून ते मुंबईला परतले. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे आणि ती आपल्या मुलांना पाठ असते.

तिच्या पुढचे पान मात्र आपण क्वचितच उलटतो. १९३० च्या सुमारास बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत दोन भूखंड घेतले. पाचव्या गल्लीतील १२९ क्रमांकाच्या भूखंडावर राहण्यासाठी आणि ग्रंथांसाठी ‘राजगृह’ बांधले. तिसऱ्या गल्लीतील ९९ क्रमांकाच्या भूखंडावर दुसरी इमारत उभी केली, तिचे नाव ‘चार मिनार’. ती राहण्यासाठी नव्हती. भाड्याचे उत्पन्न यावे म्हणून बांधली होती. ‘राजगृहा’चे दर्शन घ्यायला लाखो लोक जातात. ‘चार मिनार’चे नावही त्यांतल्या बहुतेकांना माहीत नसते, कारण भाड्याची इमारत आपल्या भक्तिभावात बसत नाही. बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते, रुपयाच्या प्रश्नावर त्यांनी प्रबंध लिहिला होता, आणि नियमित उत्पन्नाशिवाय स्वतंत्र राजकारण करता येत नाही हे त्यांना कळत होते. त्यात गैर काहीच नाही.

त्यांनी निवडलेली वस्ती मला अधिक बोलकी वाटते. परळ त्यांच्या सवयीचे होते. पोयबावडीचे दामोदर हॉल, कार्यकर्ते, चाळ, सारे तिकडेच. तरीही जमीन घेतली ती पांढरपेशा सवर्णांच्या वसाहतीत, जिच्या नावातच ‘हिंदू’ होते. रस्ते रुंद, शांतता, जवळ रेल्वे, भाडेकरू नियमित पगाराचा. गुंतवणुकीच्या दृष्टीने हा निर्णय आजच्या कोणत्याही दलालाला पटेल. पण तेवढेच त्याचे कारण असेल असे मी मानत नाही. ज्याला बडोद्यात एक खोली मिळाली नाही त्याने सवर्ण वस्तीत घरमालक म्हणून उभे राहणे, म्हणजे पावतीवर सही कोणाची हा प्रश्नच उलटा करणे होते. ९ मे १९४१ रोजी त्यांनी ‘चार मिनार’ विकली. ग्रंथांची खरेदी आणि डोक्यावरचे कर्ज, ही त्यामागची कारणे. घरमालक म्हणून त्यांची कारकीर्द अशी दहा वर्षांच्या आतच संपली.

येथे जरा अमेरिकेकडे वळून पाहावे, कारण काळ्या बांधवांशी आपले नाते आपण पँथरच्या काळापासून सांगत आलो आहोत. १९३० च्या दशकात तेथील सरकारी गृहकर्ज महामंडळाने शहरांचे नकाशे तयार केले आणि कर्जाच्या धोक्यानुसार वस्त्या रंगवल्या. काळ्यांच्या वस्त्या जवळजवळ सगळीकडे लाल रंगात गेल्या. लाल वस्तीत बँक कर्ज देईना, कर्ज नाही म्हणून दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणून किंमत नाही, आणि किंमत नाही म्हणून तो रंग बरोबरच होता असे पुन्हा बँक म्हणणार. १९६८ मध्ये तेथे घर विकताना वा भाड्याने देताना वर्णभेद करण्यास कायद्याने बंदी आली. ती पुरती अमलात आली असे कोणी म्हणणार नाही, तथापि कायदा आहे आणि खटला भरता येतो. आपल्याकडे असा नकाशा काढण्याची कोणाला गरज भासली नाही. आडनाव ऐकले की काम भागत होते.

मुंबईच्या घरमालकाचे सोन्याचे दिवस दुसऱ्या महायुद्धात संपले. आधी १९३९ आणि १९४४ चे निर्बंध आले आणि मग १९४७ च्या कायद्याने भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवले. गरीब भाडेकरूला त्याने मोठे संरक्षण दिले, यात शंका नाही. पण गोठलेल्या भाड्यातून दुरुस्ती कोण करणार? पुढे दोन चहांच्या किमतीएवढे महिन्याचे भाडे झाल्यावर घरमालकाने चाळीकडे पाहणेच सोडले. तुळया कुजल्या, पावसाळ्यात चाळी कोसळू लागल्या. १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला आणि एकोणीस हजारांहून अधिक जुन्या इमारती उपकराखाली आल्या. भाड्यासाठी नवी घरे बांधणे जवळजवळ थांबले, आणि वहीबाहेर पागडी सुरू झाली. खोली सोडणारा नव्याकडून मोठी रक्कम घेणार, तिचा हिस्सा घरमालकाला देणार, आणि मगच पावती नव्याच्या नावावर होणार. १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याने या व्यवहाराला मान्यताही देऊन टाकली.

आपल्या समाजाच्या दृष्टीने या कायद्याचा अर्थ जरा वेगळा आहे. ज्याच्या हाती १९४० च्या आसपास पावती होती तो गिरगावात, दादरला, लालबागला पिढ्यान्‌पिढ्या नाममात्र भाड्यात राहिला आणि त्या पावतीची पुढे लाखांत किंमत झाली. खाजगी चाळीत ज्याला जातीमुळे खोलीच मिळाली नव्हती, त्याच्याकडे पावतीही नव्हती. पोटभाडेकरू, झावळी शेडवाला, फुटपाथवरचा, यांना गोठलेल्या भाड्याचा उपयोग काय? स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर सरकारने जे संरक्षण दिले ते आधीच आत असलेल्यांना मिळाले. बाहेर राहिलेले धारावी, चेंबूर, घाटकोपर असे सरकत गेले आणि त्यांच्या वस्त्यांना ‘अनधिकृत’ हे नाव पडले. बाहेर राहिल्याचा हा तोटा किती पिढ्यांचा आहे, याचा हिशेब अद्याप कोणी मांडलेला नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतर भोंगे बंद होत गेले, आणि ज्या जमिनीची किंमत भोंग्याच्या जवळिकीने ठरत होती तिची किंमत भोंगा गेल्यावर शतपटीने वाढली. १९९१ च्या विकास नियमावलीने आणि तिच्यात २००१ मध्ये झालेल्या बदलाने गिरण्यांच्या जमिनी बाजारात मोकळ्या केल्या. परळ, वरळी आता ‘चांगल्या वस्त्या’ झाल्या. १९२० च्या दशकात सरकारची फसलेली गुंतवणूक असलेल्या वरळीच्या चाळी अचानक शहरातील सर्वांत महागड्या जमिनींपैकी एकीवर उभ्या असल्याचे सर्वांना दिसू लागले. पुनर्विकासाची कामे २०१७ मध्ये जाहीर झाली आणि १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. शिवडीच्या बारा चाळी पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर, म्हणून त्या मागे राहिल्या. एकशे साठ चौरस फुटांतून पाचशेत गेलेल्या या माणसांच्या आनंदावर विरजण घालण्याचा माझा हेतू नाही. तो त्यांचा हक्कच होता. मात्र शेजारी विक्रीसाठी जे मनोरे उभे राहतील त्यांत कोण येईल, आणि दोन इमारतींच्या मध्ये भिंत किती उंच असेल, याकडे लक्ष ठेवावे लागेल.

आता दुसरी जागा घेऊ पाहणाऱ्या आपल्या माणसाकडे वळू. आपल्यापैकी काहींना वाटते की भाडे खाणे हेच शोषण आहे आणि आंबेडकरी माणसाने त्यात पडू नये. मला हा विचार अर्धवट वाटतो. ‘चार मिनार’ बांधणाऱ्याला तो मान्य नव्हता, हे तर उघडच आहे. शिवाय शहरातील भाड्याच्या खोल्या सगळ्या इतरांच्याच मालकीच्या राहिल्या, तर आपल्या पोरापोरींनी खोली मागायची कोणाकडे? २०१५ साली सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व परिसरातील भाड्याच्या घरांची पाहणी प्रसिद्ध केली. एकाच प्रकारची नोकरी, एकाच प्रकारचा पगार सांगून वेगवेगळ्या नावांनी घरमालकांशी संपर्क साधण्यात आला. सवर्ण नावाला दार उघडले; दलित नावाला अनेकदा नकार मिळाला, आणि मुसलमान नावाला त्याहूनही अधिक वेळा. जेथे नकार नव्हता तेथे भाडे वाढवून सांगणे, अटी घालणे हे प्रकार होते. पुण्यात वा मुंबईत स्पर्धापरीक्षेसाठी आलेल्या मुलाला हे सांगायला पाहणीची गरज नाही.

तेव्हा जागा घ्यावी. प्रश्न वस्तीचा आहे. दलाल सांगतो ती ‘चांगली वस्ती’ घेतली तर भाडे बरे येते, पण सोसायटीचा सचिव पहिल्या महिन्यातच विचारतो की तुम्ही भाडेकरू कोण ठेवणार. ‘शाकाहारी कुटुंब पाहा,’ असे तो सुचवतो. आपला घरमालक हा शब्द कोणासाठी आहे हे ओळखून असतो. तरीही हप्ता डोक्यावर असतो, खोली एक महिना रिकामी राहिली तर खिशातून भरावे लागते. जुन्या चाळवाल्यापुढचा तोच हिशेब आता त्याच्या टेबलावर येऊन पडतो. उलट, आपल्याच वस्तीत दुसरी जागा घेतली तर भाडे कमी, बँकेचे मूल्यांकन कमी, कागदपत्रांत खोच निघण्याची शक्यता अधिक. पण भाडेकरू टिकतो, आणि त्याला आडनाव विचारायचे नसते. कोठे घ्यावी हे ज्याचे त्याने ठरवावे. माझे एवढेच म्हणणे आहे की ठरवताना ‘चांगली’ या शब्दाची किंमत कोणी भरली आहे ते वहीत लिहून घ्यावे, आणि जेथे काम जवळ, पाणी नियमित आणि जमिनीचा कागद स्वच्छ आहे ती वस्ती केवळ निळ्या झेंड्यामुळे ‘वाईट’ ठरवणाऱ्या दलालाचे ऐकू नये.

१९९९ च्या कायद्याप्रमाणे आज महाराष्ट्रात भाड्याचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. प्रचार आहे तो अकरा महिन्यांच्या कराराचा. आडनाव पाहून खोली नाकारणाऱ्या घरमालकाला अडवील असे कोणतेही कलम त्या कायद्यात नाही. नोंदणीच्या वेळी दोन्ही पक्षांची नावे, वय, व्यवसाय, पत्ता लिहितात, छायाचित्र काढतात, बोटांचे ठसे घेतात. जातीचा रकाना तेथे नाही. ती चौकशी दलालाच्या फोनवर आधीच उरकलेली असते.